बेटावर उतरल्यावर गाडी कोणती घ्यावी?



गेल्या काही वर्षांत आपल्या घरांमध्ये एक चांगला बदल झाला आहे. पूर्वी आपला प्रवास म्हणजे नात्यातली लग्ने, खुलताबादचा उरूस, हैदराबादचे मामू-खाला आणि नशीब असेल तर हज-उमरा. केवळ पाहण्यासाठी, शिकण्यासाठी मुलांना घेऊन दूर जायचे हा विचार आपल्याकडे कमीच होता. आता दोन्ही पगार असलेली घरे, छोटे दुकानदार, निवृत्त झालेले आई-वडीलसुद्धा हिशेब करून वर्ष-दोन वर्षांतून एखादा मोठा प्रवास करू लागले आहेत. त्यात अंदमानचे नाव वारंवार ऐकू येते. आम्हीही मागच्या दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आलो. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी, म्हणजे सासूबाई, असे पाच जण.

अंदमानबद्दल विचारणाऱ्या बहुतेक मैत्रिणींचा पहिला प्रश्न हॉटेलचा असतो. आमचा अनुभव असा की हॉटेलपेक्षा गाडीचा प्रश्न मोठा आहे. तो नीट सुटला तर प्रवास आपल्या हातात राहतो. नाहीतर दुसऱ्याने आखलेल्या पाच ठिकाणी आपण धावत राहतो. म्हणून या वेळचे सदर गाडीवर.

गाडी कोणती?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून अंदमानला थेट विमान नाही. मध्ये एक-दोन ठिकाणी विमान बदलावे लागते. तिथे उतरतो तो वीर सावरकर विमानतळ शहरातच आहे. ज्या गावाला आपण पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखतो, त्याचे नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झाले. बाजारात आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडी अजून जुनेच नाव चालते.

इथे तीन प्रकारे वाहन मिळते. चालकासह मोटार, स्वतः चालवायची मोटार आणि भाड्याची स्कूटर. स्कूटर सर्वत्र मिळतात आणि तरुण जोडप्यांना त्या सोयीच्याही आहेत. स्वतः चालवायच्या मोटारी त्या मानाने थोड्या. घरातली मोठी माणसे आणि मुले बरोबर असतील तर चालकासह गाडी बरी, असे आमचे मत आहे. रस्ते चढ-उताराचे आणि वळणाचे आहेत, रात्र लवकर होते आणि शहराबाहेर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा.

गाडी कोणतीही घ्या, आधी तिची नंबर प्लेट पाहा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ती चालकासह चालणारी टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर ती भाड्याने घेऊन स्वतः चालवायची परवानाधारक गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी वाहन. ते भाड्याने देता येत नाही. स्वस्तात मिळते म्हणून अनेक जण पांढऱ्या पाटीची गाडी घेतात. अल्लाह न करो, अपघात झाला तर विमा कंपनी भाड्याचे कारण दाखवून हात वर करू शकते. वाचलेले चार पैसे तेव्हा कुठे पुरणार? विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पाटी हिरवी असते. त्यातही अक्षरे पिवळी असतील तर गाडी व्यावसायिक, पांढरी असतील तर खासगी.

पाच माणसे आणि पाच बॅगा छोट्या मोटारीत बसत नाहीत, हेही घरूनच लक्षात घ्यावे. आम्ही सात आसनी गाडी सांगितली होती. मागच्या आसनाची एक बाजू दुमडून सामान ठेवले आणि अम्मींना पाय मोकळे ठेवता आले.

ठरवायचे ते आधीच

आपल्याकडे भीडेपोटी "देऊ हो, काय होईल ते" असे म्हणण्याची सवय आहे. व्यवहारात ही भीड दोघांनाही जाचते. आपल्या दीनने तर व्यवहार स्पष्ट ठेवायला आणि मजुरी वेळेवर द्यायला शिकवले आहे. म्हणून गाडीत बसण्यापूर्वी काही गोष्टी विचारून मोबाइलवर लिहून घ्याव्यात आणि तोच संदेश समोरच्याला पाठवावा. भाडे दिवसाचे की किलोमीटरचे? डिझेल, पार्किंग, फेरीबोटीवर गाडी चढवण्याचे तिकीट कोणाकडे? दिवस किती वाजता संपतो? चालकाच्या जेवणाचे काय? ठरलेले ठिकाण आपण रद्द केले तर किती पैसे कापले जातील?

स्वतः चालवायची गाडी किंवा स्कूटर असेल तर आणखी काळजी घ्यावी. गाडीला चारही बाजूंनी फिरून व्हिडिओ काढावा. आधीचे ओरखडे, टायर, हेल्मेटचा पट्टा, ब्रेक, दिवे सारे त्यात यावे. इंधनाचा काटा कुठे आहे याचा फोटो घ्यावा. गाडीची नोंदणी, विमा आणि पीयूसीची प्रत मागून घ्यावी. अनामत रकमेची पावती घ्यावी. मूळ आधार कार्ड किंवा लायसन्स मात्र गहाण म्हणून देऊ नये. छायाप्रत पुरेशी असते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला परत निघण्याच्या दिवशी जुन्याच ओरखड्याचे पैसे मागितले गेले. त्यांच्याकडे पहिल्या दिवसाचा व्हिडिओ होता. तो दाखवल्यावर विषय तिथेच संपला.

हॅवलॉक आणि नील या बेटांवर जाताना ही गाडी बरोबर नेता येईल असे समजू नका. हॅवलॉकचे नाव आता स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप. तिथे जहाजाने जायचे आणि उतरून वेगळे वाहन करायचे. तितके दिवस पहिल्या गाडीचे भाडे चालू ठेवू नये.

घड्याळ आपले, सूर्य तिथला

अंदमानचे घड्याळ आपल्याच वेळेवर चालते, पण बेटे देशाच्या पूर्वेला फार लांब आहेत. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळचे पाच वाजायच्या आत मावळतो. आपल्या शहरात त्या दिवसांत मगरिब पावणेसहानंतर होते. हा तासाभराचा फरक पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. इथल्यासारखे दहाला निघालो तर दिवस जेवण आणि चहातच संपतो.

म्हणून आमचा क्रम असा होता. फजर पढून, नाश्ता बांधून सहाच्या सुमारास बाहेर. दुपारी जेवण, जुहर आणि अम्मींसाठी थोडी विश्रांती. मग अंधार पडायच्या आत परत. चालकालाही रात्री घरी वेळेवर जाता येत होते.

पहिले दोन दिवस

पहिला दिवस सेल्युलर जेलचा. सोमवारी जेल बंद असते, हे तिकिटे काढण्यापूर्वी पाहावे. 1896 ते 1906 या काळात ती बांधली गेली. मधल्या मनोऱ्यापासून सात बाजूंना सात इमारती होत्या, त्यांपैकी तीन आज उभ्या आहेत. एका कोठडीत एकच कैदी आणि समोर पुढच्या इमारतीची पाठ, म्हणजे कोणाला कोणाचे तोंड दिसू नये अशी रचना. सावरकर बंधू इथेच होते. बंगाल आणि पंजाबचे कितीतरी क्रांतिकारक इथेच होते.

पण काळ्या पाण्याची सुरुवात या जेलच्या बरीच आधीची. 1857 चा उठाव मोडल्यावर मार्च 1858 मध्ये कैद्यांची पहिली तुकडी इथे उतरवली गेली. त्या काळात जंगल तोडणे हीच शिक्षा होती. या कैद्यांमध्ये मोठे आलिम होते. अल्लामा फजले हक खैराबादी 1861 मध्ये इथेच वारले. अबर्डीन जेट्टीकडून समुद्राच्या कडेने कॉर्बिन्स कोव्हकडे रस्ता जातो. त्या वाटेवरच्या साउथ पॉइंट भागात त्यांची मजार आहे. ठरलेल्या सहलींच्या यादीत हे ठिकाण क्वचितच असते. आमच्याकडे स्वतःची गाडी होती, म्हणून थांबता आले. अम्मींनी बराच वेळ दुआ केली.

दुसरे नाव मौलवी अलाउद्दीन यांचे. 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला झाला. पुढे मौलवींना अंदमानला पाठवले गेले आणि ते परतले नाहीत. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्याच वर्षी जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतील घोडदळाने बंड केले होते. पकडलेल्यांना देहान्त शासन झाले. आपल्या क्रांती चौकातला काळा चबुतरा त्याचीच खूण आहे. त्याच्या बाजूने आपण रोज रिक्षाने जातो. मुलांना आम्ही प्रवासापूर्वी तिथे नेऊन आणले होते. त्यामुळे अंदमानात धडा परक्या गावाचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी चॅथम आणि माउंट हॅरिएट. चॅथमची सरकारी लाकूड गिरणी 1883 ची आहे. तिथून बांबूफ्लॅटला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाडीसकट चढता येते. मुलांना याचीच मौज जास्त. पलीकडे चढ चढून माउंट हॅरिएट. 2021 मध्ये याचे नाव माउंट मणिपूर झाले, कारण 1891 च्या युद्धातील मणिपूरच्या कैद्यांना इथे ठेवले होते. जुन्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागे नारळाची झाडे आणि समुद्राचे चित्र होते, ते याच वाटेवरून दिसणारे दृश्य. घरात जुनी नोट असेल तर बरोबर न्यावी, मुले ती हातात धरून जागा शोधतात.

जिथे आम्ही गेलो नाही

तिसरा दिवस बाराटांगसाठी ठरला होता. खारफुटीतून होडीने जाऊन चुनखडीच्या गुहा पाहायच्या आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायचा. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पहाटे साडेतीनला निघायचे, जिरकाटांगच्या चौकीवर नोंद करायची आणि पोलिसांच्या निगराणीत गाड्यांच्या ताफ्याबरोबर पुढे जायचे. हा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो.

जारवा ही अंदमानची मूळ माणसे. संख्येने काहीशे. शिकार, मासे आणि मध यांवर त्यांचे जगणे. 1998 पर्यंत ते बाहेरच्या माणसांपासून दूरच होते. बाहेरच्या आजारांची त्यांच्या शरीराला सवय नाही. 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती. त्यांच्या संरक्षणासाठी 1956 पासून कायदा आहे. ताफ्यातून जाताना थांबणे, फोटो काढणे, खाऊ देणे सगळ्याला बंदी आहे. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जंगलातला हा रस्ता बंद करायला सांगितले होते, तरी तो चालूच राहिला. 2012 मध्ये जारवा स्त्रियांना खाऊचे आमिष दाखवून पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली. नंतर शिक्षा कडक झाली. रस्ता आजही सुरू आहे.

आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत याच विषयावर बोलणे निघाले. मुलांचे अब्बा म्हणाले, "आपण गुहा बघायला चाललो आहोत, माणसे नाही. फोटो काढणार नाही. एवढ्या लांब येऊन ज्वालामुखी न बघता जायचे?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. धाकट्याला ज्वालामुखी हवाच होता. आठवीतल्या मुलीने मात्र विचारले, "रस्त्यात ते दिसले तर आपण डोळे मिटून घेणार का?"

तेव्हा अम्मी बोलल्या. ईदच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे बीबी का मकबऱ्याला जातो. तिथे बाहेरगावचे पाहुणे असतात. बुरख्यातल्या बाया हिरवळीवर बसून मुलांना डब्यातले भरवत असतात आणि कोणीतरी न विचारता कॅमेरा रोखतो. अम्मींचा असा फोटो एकदा नाही, अनेकदा काढला गेला आहे. त्या म्हणाल्या, "तो माणूसही मकबराच बघायला आलेला असतो. मी फक्त वाटेत असते."

यावर आम्हा कोणाकडे उत्तर नव्हते. आपण पर्यटकांच्या शहरात राहतो. कोणाच्या तरी सहलीतले दृश्य होणे म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या बायांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपण निदान उठून घरी जाऊ शकतो. जारवांचे घर तेच जंगल आहे आणि गाड्यांचा ताफा त्याच्या मधूनच जातो. नजर खाली ठेवण्याची शिकवण आपल्याला आहे. जिथे ती पाळणे अवघड, तिथे फिरायला न जाणे हा त्याचाच भाग, असे आम्हाला वाटले. बाराटांग रद्द झाले. मुलांच्या अब्बांनीच फोन उचलला.

फोनवर आमचे चालकभाई थोडा वेळ गप्प राहिले. बाराटांगची फेरी म्हणजे त्यांच्या तीन दिवसांतली सर्वात मोठी कमाई. मग म्हणाले, "मैं तो उसी रास्ते से ससुराल जाता हूँ, दीदी. हमारे लिए वही एक सड़क है." हेही खरेच आहे. उत्तरेकडच्या गावांतली माणसे दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला याच रस्त्याने ये-जा करतात. त्यांची गरज वेगळी आणि आमची हौस वेगळी. न जाण्याचा निर्णय आमचा होता, त्याची किंमत त्यांनी का मोजावी? रद्द करण्याचे जे ठरले होते ते आम्ही दिले आणि तिसरा दिवस पूर्ण दिवसाच्या भाड्याने वंडूर आणि चिडिया टापूसाठी घेतला.

तिसरा दिवस

हा दिवस सर्वांत चांगला गेला. वंडूरच्या वाटेवर सिप्पीघाट लागते. 2004 च्या त्सुनामीच्या भूकंपात इथली जमीन खचली आणि भातशेतीत समुद्राचे पाणी कायमचे शिरले. गाडी थांबवून आम्ही मुलांना ते दाखवले.

पुढे गावांची नावे ऐकून आम्ही चकित झालो. मंजेरी, वंडूर, कालिकत, तिरूर. सगळी केरळच्या मलबारमधली नावे. 1921 च्या मलबार उठावानंतर माप्पिला मुसलमान कैदी इथे आणले गेले, पुढे त्यांची कुटुंबे आली. माणसांनी आपल्या मागे राहिलेल्या गावांची नावे इथल्या जमिनीला दिली. आमचे चालकभाई त्यांच्यापैकीच. घरी मल्याळम, बाहेर हिंदुस्तानी. वेगवेगळ्या प्रांतांतले कैदी एकत्र आले म्हणून हीच इथली बाजारची आणि मैत्रीची भाषा झाली. उर्दू शिकवणाऱ्या आम्हाला त्यांच्याशी दिवसभर बोलताना एकदाही अडखळायला झाले नाही.

वंडूरला पाण्यात उतरण्यापूर्वी फलक वाचावेत, कारण या भागात मगरींचा धोका आहे. जॉली बॉय बेटाची होडी इथूनच सुटते. तिथे प्लास्टिक नेता येत नाही. संध्याकाळी चिडिया टापूला सूर्यास्त पाहून अंधार होता होता आम्ही शहरात परतलो.

निघण्यापूर्वी

वाचक भगिनींनो, गाडी ठरवताना "सगळी ठिकाणे दाखवा" असे सांगू नका. घरी बसून, मुलांना नकाशा उघडायला लावून, आपल्याला काय पाहायचे आहे आणि काय नाही ते ठरवा. जी गोष्ट रद्द करायची ती आदल्या दिवशी कळवा. शेवटचा हिशेब विमानतळाच्या दारात घाईने न करता आदल्या रात्रीच पूर्ण करा आणि पावती किंवा संदेश जपून ठेवा.

धाकट्याला चिखलाचा ज्वालामुखी बघायला मिळाला नाही, याची तक्रार अजून चालू आहे. ती आम्ही ऐकून घेतो.

खुदा हाफिज.